स्लॉटमध्ये बसलेली देवनागरी

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



भिलाईत मापाचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. येथील पोलाद कारखान्यात लाटलेले रूळ देशभर पसरले आहेत. ब्रॉडगेज मार्गावर दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर असते. शेजारच्या रायपूरहून धमतरीकडे जाणारी छोटी लाइन मात्र ७६२ मिलिमीटरची होती. दोन्ही मार्गांचे रूळ पोलादाचेच होते आणि दोन्हींवरून माणसेच प्रवास करीत होती. परंतु एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. त्यात कोणत्याही डब्याचा दोष नव्हता. माप जुळत नव्हते, एवढेच.

मापाचा हाच न्याय जुन्या संगणकांच्या पोटातही चालतो. ज्या माजी विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकात पहिल्यांदा संगणक पाहिला, त्यांना काळ्या पडद्यावर उमटणारी हिरवी अक्षरे आठवत असतील. ती अक्षरे इंग्रजी होती. मराठी अक्षरे त्या पडद्यावर नंतर आली, आणि ज्या वाटेने आली त्या वाटेवर मदरबोर्डावरील एक अरुंद स्लॉट होता. त्या स्लॉटमध्ये कार्ड कसे बसते, का बसत नाही आणि बसूनही कधी कधी का चालत नाही, हा या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता तो कारागिराचा विषय वाटेल. परंतु देवनागरीचे संगणकातील पहिले पाऊल समजून घ्यायचे तर या कारागिरीतून गेल्यावाचून गत्यंतर नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. पडद्यावर चित्र उमटवणारी कोणतीही यंत्रणा त्याच्या मदरबोर्डावर नव्हती. ते काम वेगळ्या डिस्प्ले कार्डाकडे सोपवलेले होते आणि ते कार्ड बसवण्यासाठी मदरबोर्डावर पाच स्लॉट ठेवलेले होते. ग्राहकापुढे दोन पर्याय होते. केवळ अक्षरे दाखवणारे एमडीए कार्ड घ्यावे किंवा रंग आणि रेखाचित्रे दाखवणारे सीजीए कार्ड घ्यावे. १९८२ मध्ये हर्क्युलीस कार्ड आले आणि एकरंगी पडद्यावरही रेखाचित्रे दिसू लागली. या साऱ्यामागे एक महत्त्वाचा निर्णय होता. कंपनीने स्लॉटची रचना, त्यातील प्रत्येक पिनेचे काम आणि कार्डाची मापे छापून प्रसिद्ध केली होती. त्यामुळे त्या मापाचे कार्ड जगात कोणालाही बनवता येत होते.

हे सर्वच संगणकांच्या बाबतीत खरे नव्हते. केंद्र शासनाच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४-८५ पासून निवडक भारतीय शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक आले. त्यांच्या मुख्य बोर्डावरच चित्राची यंत्रणा होती आणि असे विस्तार-स्लॉट त्यात नव्हते. ज्या यंत्रात स्लॉट असतो त्या यंत्राने, आपल्या घडणीच्या वेळी ठाऊक नसलेल्या पाहुण्यासाठीही एक दार उघडे ठेवलेले असते. देवनागरी त्याच दाराने आत आली.

आता त्या दाराची मापे पाहू या. पहिल्या आयबीएम संगणकातील स्लॉट ८ बिटांचा होता. त्यात दोन्ही बाजूंना एकतीस-एकतीस, म्हणजे एकूण ६२ पिना होत्या आणि दोन पिनांमधील अंतर इंचाचा दहावा भाग होते. १९८३ मध्ये एक्सटी हा पुढचा नमुना आला. त्यात आठ स्लॉट होते. परंतु तेवढ्याच रुंदीच्या पेटीत आठ स्लॉट बसवण्यासाठी दोन स्लॉटांमधील अंतर एक इंचावरून ०.८ इंचावर आणावे लागले. परिणामी पहिल्या नमुन्याचा मदरबोर्ड एक्सटीच्या पेटीत ठेवला, तर स्लॉट आणि पेटीच्या मागील झरोके एका रेषेत येत नाहीत. शिवाय एक्सटीच्या आठांपैकी दोन स्लॉटांसमोर डिस्क ड्राइव्हची जागा येत असल्याने तेथे आखूड कार्डेच बसत. पूर्ण लांबीचे कार्ड सुमारे तेरा इंचांचे असे. ते तेथे ड्राइव्हला जाऊन अडे.

१९८४ मध्ये एटी हा नमुना आला आणि स्लॉट १६ बिटांचा झाला. जुना ६२ पिनांचा स्लॉट तसाच ठेवून त्याच रेषेत पुढे ३६ पिनांचा दुसरा तुकडा जोडण्यात आला. ही योजना फार विचारपूर्वक केलेली होती. जुने ८ बिटांचे कार्ड नव्या स्लॉटच्या पहिल्या भागात सुखाने बसे आणि पुढचा तुकडा रिकामा राही. तरीही सगळी जुनी कार्डे बसत नव्हती. काही जुन्या कार्डांचा खालचा काठ सोनेरी संपर्कपट्ट्यांच्या पुढे लगेच खाली उतरलेला असे. तो काठ नेमका नव्या तुकड्यावर आपटे आणि कार्ड वरच राही. हे लक्षात घेऊनच एटीच्या आठ स्लॉटांपैकी सहा १६ बिटांचे केले गेले आणि दोन ८ बिटांचेच राखले गेले. नवे घडवताना जुन्यासाठी दोन जागा राखून ठेवण्याचा हा समंजसपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

उलट दिशेने पाहिले तर अडचणी वेगळ्या. १६ बिटांची काही व्हीजीए कार्डे ८ बिटांच्या स्लॉटमध्येही काम करतात. काही स्वतःच ओळखतात, काहींवर जंपर बदलावा लागतो. अशा वेळी कार्डाचा पुढचा भाग स्लॉटबाहेर अधांतरी राहतो. तो मदरबोर्डावरील एखाद्या घटकाला टेकत नाही ना, हे वाकून पाहावे लागते, कारण तेथे उघड्या सोनेरी पट्ट्या असतात आणि त्यांचा स्पर्श शॉर्ट सर्किटचे निमित्त होऊ शकतो. उंचीचाही प्रश्न आहे. एक्सटीच्या काळातील कार्ड सुमारे ४.२ इंच उंच असे, तर एटीचे पूर्ण उंचीचे कार्ड ४.८ इंचांचे. ते एक्सटीच्या स्लॉटमध्ये बसले तरी पेटीचे झाकण बंद होत नाही.

नव्वदच्या दशकात दारांचे प्रकार वाढले. १९९२ मध्ये आलेल्या व्हेसा लोकल बसमध्ये १६ बिटांच्या स्लॉटपुढे तिसरा तुकडा जोडला गेला. कार्ड एवढे लांब झाले की ते बसवताना जोर लावावा लागे आणि मदरबोर्ड वाकत असल्याचे डोळ्यांना दिसे. त्यानंतरच्या पीसीआय स्लॉटने जुन्याशी नाते तोडले. तो आखूड होता, पिना अधिक दाट होत्या आणि कार्डावरील घटक जुन्या कार्डांच्या उलट बाजूला बसवलेले असत. त्यामुळे एक गंमत घडली. अनेक मदरबोर्डांवर शेवटचा पीसीआय स्लॉट आणि पहिला जुना आयएसए स्लॉट शेजारीशेजारी असून दोघांसाठी पेटीच्या मागे झरोका मात्र एकच असे. स्लॉट दोन मोजावेत, पण त्यांतील एकच वापरता यावा, अशी स्थिती. १९९७ मध्ये केवळ डिस्प्ले कार्डासाठी एजीपी हा स्लॉट आला.

पीसीआय आणि एजीपी यांच्या स्लॉटमध्ये एक छोटी आडवी भिंत असते आणि कार्डाच्या काठावर तिच्या जोडीची खाच कापलेली असते. ती भिंत शोभेसाठी नसते. पीसीआयमध्ये ५ व्होल्टचा स्लॉट आणि ३.३ व्होल्टचा स्लॉट यांच्या भिंती वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एजीपीमध्ये ३.३ आणि १.५ व्होल्ट यांच्यात तसाच भेद असतो. चुकीच्या दाबाचे कार्ड आत जाऊच नये, म्हणून ही भिंत उभी केलेली आहे. दोन्ही दाब चालणाऱ्या कार्डावर दोन्ही खाचा असतात. म्हणून कार्ड जात नाही असे दिसताच कानस घेऊन खाच रुंदावणारा हात आधी थांबला पाहिजे. एजीपीची काही कार्डे तर कारखान्यातूनच चुकीच्या खाचेसह बाहेर पडली होती. ती बसत, आणि मदरबोर्डाला इजा करीत. म्हणजे खाचेवरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही.

येथे विषयाचा दुसरा भाग सुरू होतो. बसणे आणि जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमडीए आणि सीजीए या दोन्ही कार्डांना मॉनिटर जोडण्याची नऊ पिनांची जागा दिसायला सारखीच होती. तार सहज बसे. परंतु एमडीए कार्ड पडद्यावर सेकंदाला सुमारे १८,४०० आडव्या रेषा काढण्याच्या वेगाने संकेत पाठवी आणि सीजीए सुमारे १५,७०० च्या. आयबीएमच्या मूळ एकरंगी मॉनिटरला सीजीएचा संकेत दिला, तर तो मॉनिटर जळण्याचा धोका असे. एक्सटीमधील आठवा स्लॉट असाच फसवा होता. आकाराने तो इतर स्लॉटांसारखाच होता. परंतु तेथील कार्डाने ‘आपली निवड झाली’ असा एक जादा संकेत देणे आवश्यक असे. तो न देणारे कार्ड तेथे नीट बसे आणि मुके राही.

तिसरा मेळ जागेच्या पत्त्याचा. प्रत्येक डिस्प्ले कार्डाला संगणकाच्या स्मृतीत ठरावीक जागा लागते. एमडीए आणि सीजीए यांच्या जागा वेगळ्या असल्यामुळे ती दोन्ही कार्डे एकाच संगणकात एकत्र नांदू शकत. हर्क्युलीस कार्ड पूर्ण क्षमतेने चालवले, तर ते सीजीएची जागाही व्यापून टाकी. एका घराच्या दारावर दोन कुटुंबांच्या पाट्या लागल्या की पत्रांचा जो घोटाळा होतो, तोच येथे होई.

बसणे, जुळणे आणि आपली जागा राखणे, या तिन्ही कसोट्या मनात ठेवून आता देवनागरीकडे वळता येईल.

एमडीए कार्डाचा पडदा ८० स्तंभ आणि २५ ओळींचा, म्हणजे दोन हजार चौकटींचा होता. प्रत्येक चौकट ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच. कार्डावरील एका चिपमध्ये २५६ आकृत्या कायमच्या कोरलेल्या असत आणि संगणकाने जो क्रमांक सांगावा ती आकृती कार्ड त्या चौकटीत उमटवी. इंग्रजीचे एक अक्षर एका चौकटीत मावते. देवनागरीचे तसे नाही. ‘कर्तृत्व’ हा शब्द घ्यावा. त्यात शिरोरेषेच्या वर रफार आहे, खाली ऋकार आहे आणि शेवटी जोडाक्षर आहे. कोरलेल्या २५६ आकृत्यांच्या यादीत असा संसार मावणे शक्य नव्हते. सीजीएची चौकट तर अवघी आठ बाय आठ ठिपक्यांची होती. तीत वरची मात्रा दाखवावी तर खालचा उकार कापला जाई.

या अडचणीवर कानपूरच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी काम करीत होते. १९८३ मध्ये नवी दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तेथील देवनागरी टर्मिनल लोकांसमोर आले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. महासंगणकासाठी ती प्रसिद्ध आहे. परंतु कानपूरला रुजलेले लिपीचे कामही तेथे आले आणि मोहन तांबे यांच्या पुढाकाराने वाढले. त्या तंत्राचे नाव ‘जिस्ट’. त्याचे सर्वांत सुटसुटीत रूप म्हणजे जिस्ट कार्ड.

टर्मिनल हे स्वतंत्र यंत्र असते. कार्डाचा विचार त्याहून वेगळा होता. कचेरीत जो संगणक आधीच टेबलावर आहे, त्याचे झाकण उघडावे, रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड बसवावे आणि त्याच संगणकाने मराठी, हिंदी, तमिळ वा बंगाली लिहावे. संगणक परदेशी आराखड्याचा, स्लॉट परदेशी मापाचा, डॉसवर चालणारी डीबेस, लोटस, वर्डस्टार ही पॅकेजेस इंग्रजीतली. यांतील काहीही बदलण्याचा अधिकार पुण्यातील अभियंत्यांना नव्हता. बदलता येण्याजोगी गोष्ट एकच होती, ती म्हणजे स्लॉटमध्ये बसणारे कार्ड.

त्या कार्डामागील मुख्य कल्पना अशी की साठवणे आणि दाखवणे ही दोन कामे वेगळी करावीत. ‘कर्तृत्व’ हा शब्द स्मृतीत आठ क्रमांकांनी साठवला जातो. क, र, हलन्त, त, ऋकार, पुन्हा त, हलन्त आणि व. पॅकेजला एवढेच ठाऊक असते की हे आठ क्रमांक आहेत. त्यांतून रफार वर चढवणे, ऋकार खाली उतरवणे आणि अर्ध्या त ला व जोडणे हे सारे पडद्यावर दाखवताना घडते. मराठी येत नसलेल्या पॅकेजकडून मराठीचे काम करून घेण्याची ही युक्ती होती. या क्रमांकांची पद्धत ‘इस्की’ नावाने प्रमाणित झाली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. पहिल्या १२८ जागांना हात न लावता, म्हणजे इंग्रजीला धक्का न देता, भारतीय लिपींना वरच्या भागात स्थान दिले गेले. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींचा वर्णक्रम मुळात एक असल्यामुळे एकाच तक्त्यात त्या सर्वांची सोय झाली. त्याच वर्णक्रमावर बेतलेला इनस्क्रिप्ट कळफलकही तयार झाला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला येतात.

पुढे विंडोज आले, पडद्यावर अक्षर काढण्याचे काम सॉफ्टवेअर करू लागले आणि कार्डाची गरज संपली. शतक सरता सरता नव्या मदरबोर्डांवरून आयएसए स्लॉटही नाहीसा होऊ लागला. दार गेले, आत आलेला पाहुणा मात्र घरचा झाला. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातील देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवर आधारलेला होता. आज नातवाच्या मोबाइलवर आजीचा संदेश मराठीत येतो, तेव्हा त्यातील वर्णांचा क्रम त्याच तक्त्यातून आलेला असतो. इनस्क्रिप्ट कळफलक तर आजच्या संगणकांतही मिळतो.

हा सारा इतिहास झाला. परंतु त्यातील एक काम अजून उरले आहे आणि ते या सभागृहातील अनेकांच्या आवाक्यातले आहे. त्या काळातील संगणक अजून घरांच्या माळ्यावर, मंडळांच्या कपाटांत आणि शाळांच्या अडगळीच्या खोल्यांत पडून आहेत. त्यांच्या डिस्कवर आणि फ्लॉप्यांवर एखाद्या मंडळाचा जमाखर्च, एखाद्या संमेलनाची भाषणे, एखाद्या शाळेची पटनोंद असू शकते. ते लेखन इस्कीमध्ये असेल, तर त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. मात्र संगणक भंगारात गेला की त्याबरोबर तेही गेले. म्हणून भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे.

उघडताना काही पथ्ये पाळावीत. आधी विजेची तार काढावी. जुन्या काचेच्या मॉनिटरचे मागील आवरण मात्र जाणकाराखेरीज कोणी उघडू नये. वीज बंद केल्यानंतरही त्यात घातक दाब शिल्लक असू शकतो. ३८६ आणि ४८६ च्या काळातील अनेक मदरबोर्डांवर सोल्डर केलेली लहान बॅटरी असते. ती गळून आसपासचे तांबे खाते, म्हणून ती आधी पाहावी. कोणते कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये होते आणि कोणता जंपर कोठे होता, याची छायाचित्रे काढून ठेवावीत. संपर्कपट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसाव्यात. कार्ड बसवताना दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. अडले तर जोर वाढवण्याऐवजी मान वाकवून पाहावे की अडते कोठे. आणि मॉनिटर जोडण्यापूर्वी, नऊ पिना जुळल्या म्हणजे सारे जुळले, असे समजू नये.

महोत्सवाच्या निमित्ताने शाळेच्या वाटचालीकडे पाहणाऱ्यांना या कार्डाच्या कथेत ओळखीचे काही दिसेल. पोलाद कारखान्याच्या उभारणीनंतर देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे भिलाईत आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. बाजार हिंदीचा, शेजार छत्तीसगढीचा, कारखान्यातील कागद इंग्रजीचे. त्या मापात त्यांनी स्वतःला बसवून घेतले आणि कोणाच्या जागेवर अतिक्रमण केले नाही. घरात आणि शाळेत मात्र कर्तृत्व हा शब्द रफार, ऋकार आणि जोडाक्षर यांसह शुद्ध लिहायला मुलांना शिकवले. जिस्ट कार्डानेही तेच केले. स्लॉटच्या मापाचा त्याने मान राखला, इंग्रजीच्या १२८ जागा तिच्या तिलाच राहू दिल्या, आणि देवनागरीची एकही मात्रा कमी होऊ दिली नाही.

शाळेच्या अडगळीच्या खोलीत असा एखादा संगणक अजून असेल, तर या महोत्सवी वर्षात त्याचे झाकण एकदा उघडले जावे, आणि ते उघडताना जुना विद्यार्थी आणि आजचा विद्यार्थी शेजारी उभे असावेत, एवढी अपेक्षा व्यक्त करून हे व्याख्यान येथे संपते.